सोरायसिसच्या उपचारावर सोनोग्राफीने लक्ष ठेवायचं तर नेमकं काय आणि कसं मोजायचं?

त्वचा_कॉलेजरोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोरायसिसमध्ये औषध लागू पडतंय की नाही हे आपण सगळे पासी गुणांवर ठरवतो. लाली, जाडी, खवले आणि किती अंग व्यापलंय, मिळून ० ते ७२. यातली जाडी सगळ्यांत अडचणीची. चट्टा बोटाने चाचपून २ द्यायचे की ३, हे दोन डॉक्टरांचं जुळत नाही. एकाच डॉक्टरचं सोमवारचं आणि शुक्रवारचंही जुळेल याची खात्री नसते. सावळ्या कातडीवर लालीही फसवते. ती जांभळट-तपकिरी दिसते, आणि चट्टा पूर्ण बसल्यावर मागे काळा डाग उरतो. तो डाग पाहून रुग्ण म्हणतो, "काहीच फरक नाही," आणि औषध सोडतो.

म्हणून निवडक रुग्णांत त्वचेची सोनोग्राफी जोडायची आहे. शेजारच्या सेंटरला दोन लिनिअर प्रोब (अंगावर फिरवायचं सपाट तोंडाचं उपकरण) आहेत: एक ५ ते १२ मेगाहर्ट्झचा, दुसरा हॉकी स्टिक, १८ मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा. रुग्णांपैकी काही आठवड्यातून एकदा १५ मिग्रॅ मेथोट्रेक्सेटवर, काही एनबी-यूव्हीबीवर (अतिनील प्रकाशाचे उपचार), थोडे सेक्युकिनुमॅबच्या इंजेक्शनवर. जवळपास सगळे वरून क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड मलम लावतात.

विचारायचं ते असं. कुठला प्रोब पुरेल? नेमकं काय मोजायचं? किती आठवड्यांनी? आणि एक खास शंका: पहिल्या काही चित्रांत डर्मिस (त्वचेचा आतला जाड थर) वरपासून खालपर्यंत जवळजवळ काळी दिसतेय. एवढी सूज असू शकते का, की स्कॅन करण्यातच चूक होतेय?

रेडिओ_गंगापूररोड

मॅडम, शेवटच्या शंकेपासून सुरू करतो, कारण ती सुटल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

सोरायसिसच्या चट्ट्यात काळा भाग दिसतो हे खरंच आहे. एपिडर्मिसच्या (त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थराच्या) लगेच खाली, डर्मिसच्या वरच्या थरात पाणी साठतं, रक्तवाहिन्या फुगतात, दाहाच्या पेशी येतात. कोलॅजनचे धागे एकमेकांपासून लांब जातात आणि तेवढा थर ध्वनी कमी परतवतो. पडद्यावर त्याचा आडवा काळा पट्टा होतो. पेपरांत त्याला सबएपिडर्मल लो इकोजेनिक बँड म्हणतात, बोलताना 'स्लेब'. पण हा पट्टा आडवा असतो आणि त्याच्या खालची डर्मिस पुन्हा पांढरी, तेजस्वी दिसते.

वरपासून खालपर्यंत सगळं काळं असेल तर बहुतेक वेळा ती खवल्यांची सावली असते. खवल्यांच्या थरांत हवा अडकलेली असते आणि हवेतून ध्वनी पुढे जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे. सावली उभी असते, पट्ट्यापट्ट्यांनी उतरते, डर्मिसवर थांबत नाही, चरबी आणि स्नायूवरचं आवरणही झाकते. काळेपणा चरबीतही तसाच सरळ खाली गेलेला दिसला की तो फ्रेम मोजू नका.

उपाय म्हणजे खवले मऊ करणं. आदल्या रात्री चट्ट्यावर लिक्विड पॅराफिन किंवा पांढरं व्हॅसलीन, सकाळी कोमट पाण्याने धुणं, आणि स्कॅनच्या आधी ओल्या गॉजची घडी १० मिनिटं ठेवून मऊ कापडाने अलगद टिपणं. खरवडायचं अजिबात नाही. खवला उपटला की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके येतात, कातडी चिडते, डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी तपासणी) वाढतो, आणि कोबनरमुळे, म्हणजे दुखावलेल्या जागी सोरायसिस उठण्याच्या सवयीमुळे, तिथेच नवा चट्टा उठायची भीती. ही तयारी दर वेळी अगदी सारखी करा, कारण भिजलेली एपिडर्मिस आणि कोरडी एपिडर्मिस यांची जाडीही सारखी येत नाही.

प्रोब: १८ चाच. साधा हिशेब आहे. १२ मेगाहर्ट्झला ऊतीतली तरंगलांबी साधारण ०.१३ मिमी, १८ ला ०.०९ मिमीच्या आत. काळा पट्टा ०.३ मिमीचा असेल तर १२ वर तो दोन-अडीच तरंगांत बसतो, कडा धूसर होतात आणि कर्सर कुठे ठेवायचा हा अंदाजाचा भाग होतो. १२ च्या प्रोबने एकूण जाडी मिळेल, पट्ट्यावर विसंबू नका. २० ते २२ चा खास त्वचेचा प्रोब मिळाला तर उत्तमच. ५० च्या पुढे एपिडर्मिस फार सुंदर दिसते, पण खोली जेमतेम ४ मिमीच्या आसपास. जाड चट्ट्यात खालची सीमा हातची जाऊ शकते.

प्रोब कातडीला टेकवायचा नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचं. मध्ये जेलचा ५ ते १० मिमीचा जाड थर हवा आणि प्रोब त्यावर तरंगता. चित्रात वरती जेलची काळी पट्टी आणि तिच्याखाली त्वचेची पहिली पांढरी रेषा दिसलीच पाहिजे. ती पट्टी नाहीशी झाली म्हणजे तुम्ही दाबताय. हात स्थिर राहायला करंगळी रुग्णाच्या अंगावर टेकवा, भार तिच्यावर घ्या. जेल बाटली हलवून मारू नका, बुडबुडे येतात. बाटली उलटी ठेवून सावकाश सोडा. भेगा पडलेल्या चट्ट्यावर निर्जंतुक जेल.

यंत्रावर एक वेगळा प्रीसेट (साठवलेली सेटिंग) करून ठेवा: खोली १ ते १.५ सेंमी, फोकस त्वचेच्या पातळीवर, टीजीसीच्या (खोलीनुसार उजळपणा बदलणाऱ्या) सगळ्या दांड्या मधोमध, गेन (एकूण उजळपणा) ठरावीक. तो पुढे कोणी बदलू नये. गेन दोन खुणा वाढवला की काळा पट्टा राखाडी होतो आणि अहवालात "सुधारणा" लिहिली जाते.

आता मोजायचं काय, तर चार गोष्टी:

१. चट्ट्याची एकूण जाडी, म्हणजे पहिल्या पांढऱ्या रेषेच्या वरच्या कडेपासून डर्मिस आणि चरबीच्या सीमेपर्यंत, बीम काटकोनात. चरबीतले पांढरे पडदे जिथे वर चढतात तिथे सीमा खोटी दिसते, ती जागा टाळा.
२. काळ्या पट्ट्याची जाडी.
३. डॉप्लर, ० ते ३: काहीच नाही, एखाद-दुसरा ठिपका, चौकटीच्या निम्म्याहून कमी भाग, निम्म्याहून जास्त.
४. त्याच बाजूच्या, चट्ट्यापासून २-३ सेंमीवरच्या निरोगी कातडीची जाडी.

चौथी गोष्ट बरेच जण गाळतात. ती का लागते ते पुढे कोणी उपचाराच्या अंगाने लिहिलं तर बरं.

प्रत्येक आकड्यासाठी प्रोब उचलून, पुन्हा ठेवून, तीन फ्रेम. सरासरी लिहा. आणि काम सुरू करण्याआधी स्वतःच्या हाताची चूक मोजून घ्या. दहा जणांच्या ठरलेल्या जागेवर प्रत्येकी तीनदा मोजा, प्रत्येकाच्या तीन आकड्यांचं प्रमाण विचलन काढा, त्यांचे वर्ग करून सरासरी घ्या आणि तिचं वर्गमूळ काढा. त्या संख्येला २.७७ ने गुणा. समजा ती ०.०६ मिमी निघाली, तर गुणाकार ०.१७. म्हणजे दोन भेटींत ०.१७ मिमीपेक्षा कमी फरक आला तर तो फरक धरायचाच नाही. हा एक आकडा माहीत नसेल तर पुढची सगळी मेहनत हवेत आहे.

यंत्र मध्येच बदलू नका. नेहमीची यंत्रं ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात, त्वचेची काही खास यंत्रं १५८०. नुसत्या एवढ्याने २ मिमीत ०.०५ मिमीचा फरक पडतो, औषधाचा एक थेंबही न देता.

चर्मरोग_इंदिरानगर

सरांनी चौथ्या मोजमापाचं सोडून दिलंय ते पकडते.

क्लोबेटासोल लावलेला चट्टा पातळ होतो तेव्हा दोन गोष्टी एकदम घडत असू शकतात: दाह ओसरतोय, आणि डर्मिस खरोखर झिजतेय. बोटाला दोन्ही सारखंच लागतं. सोनोग्राफीत वेगळं दिसतं. दाह ओसरला तर काळा पट्टा आक्रसतो आणि एकूण जाडी शेजारच्या कातडीच्या जवळ येऊन थांबते. झीज असेल तर पट्टा गेल्यावरही जाडी उतरत राहते, शेजारच्या कातडीच्या खाली जाते. मलम फासताना आजूबाजूला पसरत असेल तर शेजारची कातडीही पातळ होऊ लागते. तेव्हा शेजारच्या कातडीचा आकडा नुसता तुलनेसाठी वापरू नका, पहिल्या भेटीशी ताडून पाहा. क्लोबेटासोल सलग दोन आठवडे आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नाही, हा नियम कागदावर सगळ्यांना पाठ असतो. नळी मात्र मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय येत राहते.

स्कॅनच्या दिवशी सकाळी स्टिरॉइड मलम लावलेलं नको. त्याने रक्तवाहिन्या तात्पुरत्या आवळतात, डॉप्लर एकदम शांत दिसतो आणि आपण औषधाला श्रेय देऊन मोकळे होतो.

एनबी-यूव्हीबीचं उलट. प्रकाश दिल्यावर येणारी लाली पहिल्या १२ ते २४ तासांत जास्तीत जास्त असते. तेव्हा केलेल्या स्कॅनमध्ये डॉप्लर भडकलेला येणारच. आठवड्यातून तीनदा सोमवार, बुधवार, शुक्रवार असं चालू असेल तर सोमवारी, प्रकाश देण्याआधी स्कॅन करा. शनिवार-रविवारची विश्रांती मिळालेली असते.

किती आठवड्यांनी, हे औषधावर. सेक्युकिनुमॅबचे डोस ०, १, २, ३, ४ आठवड्यांना आणि मग दर महिन्याला. त्यामुळे पहिला स्कॅन इंजेक्शनआधी, दुसरा चौथ्या आठवड्याच्या इंजेक्शनला, तिसरा १२ ते १६ आठवड्यांना. मेथोट्रेक्सेट सावकाश चालतं. चौथ्या आठवड्याला स्कॅन करून रुग्णाचे पैसे घालवू नका, ८ आणि १६ आठवडे पुरे. यूव्हीबीत साधारण १२ बैठकांनंतर एक आणि संपताना एक.

बदलांचा क्रमही लक्षात ठेवा. सहसा आधी डॉप्लर उतरतो, मग काळा पट्टा, एकूण जाडी सगळ्यांत शेवटी. आठव्या आठवड्याला जाडी तेवढीच पण डॉप्लर ३ वरून १ वर आला असेल तर मेथोट्रेक्सेट घाईने बदलायचं कारण नाही. चट्टा डोळ्याला साफ दिसतोय आणि खाली पट्टा व डॉप्लर दोन्ही शिल्लक आहेत, तर डोस कमी करण्याची घाई मी करणार नाही. पण एकट्या स्कॅनवर औषध वाढवूही नये. पासी, रुग्णाची खाज, झोप, रक्ताच्या तपासण्या यांच्या जोडीला हे वाचायचं.

मेथोट्रेक्सेटवाल्यांचं आणखी एक, विषयाला लागूनच. वजन जास्त, मधुमेह किंवा दारू असेल तर यकृताची इलास्टोग्राफीही (यकृत किती कडक झालंय ते मोजणं) ध्वनिलहरींनीच होते. ती किमान ३ तास उपाशीपोटी करायची, नाही तर जेवणानंतर वाढलेल्या रक्तप्रवाहाने यकृत उगाच कडक येतं. आणि गोळी आठवड्यातून एकदाच, वार चिठ्ठीवर मराठीत लिहून. रोज घेतली गेली तर जिवावर बेतते.

त्वचा_कॉलेजरोड

खूप उपयोगी. उभी सावली की आडवा पट्टा, या कसोटीवर चित्रं पुन्हा पाहिली. सहापैकी पाच सावल्याच आहेत. तयारी बदलते.

डॉप्लरबद्दल अडलंय. एकाच रुग्णाचा एकाच चट्ट्यावर सकाळी १ आणि दुपारी ३ येतोय, औषध तेच. आणि जागा कशी निवडायची? बहुतेकांचे जाड चट्टे कोपर, गुडघे आणि नडगीवर आहेत.

सोनो_नाशिकरोड

डॉप्लर कातडीचा असतो तेव्हा तो आजाराइतकाच हवामान मोजतो. आपल्याकडे नाशिकला हे फार जाणवतं. जानेवारीत सकाळी पारा १० च्या खाली असताना दुचाकीवरून आलेला माणूस आणि एप्रिलमध्ये दुपारी सिन्नरहून उन्हातून आलेला माणूस, दोघांच्या कातडीतला रक्तप्रवाह एक असूच शकत नाही. थंडीत खरा दाहही दडतो, उन्हात निरोगी कातडीही लाल पेटते.

म्हणून खोली २२ ते २४ अंश, तो भाग उघडा ठेवून रुग्णाने तिथे १५ मिनिटं स्वस्थ पडायचं, पंख्याचा झोत अंगावर नको. तासभर आधीपासून चहा, बिडी, तंबाखू, मिश्री बंद. निकोटिनने वाहिन्या आवळतात. गरम पाण्याची अंघोळ त्याच सकाळी झाली असेल तर निदान दोन तास जाऊ द्या. आणि भेटीची वेळ ठरावीक: पहिला स्कॅन सकाळी १० ला तर सगळे १० च्या आसपास.

पायांचं वेगळंच दुखणं आहे. सुरगाणा, पेठ, कळवणहून एसटीने पाय लोंबते ठेवून आलेल्या माणसाच्या नडगीत पाणी उतरलेलं असतं. पाणी उतरलं की डर्मिस जाड होते आणि काळी दिसते, सोरायसिस नसला तरी. शिरा फुगलेल्या असतील तर आणखीच. सीबीएसवर (एसटी स्टँडवर) उतरून थेट टेबलावर घेतलं तर तुम्ही प्रवास मोजताय. नडगीचा चट्टा शक्यतो निवडूच नका. घ्यावाच लागला तर पाय उशीवर ठेवून अर्धा तास आडवं करा आणि दर वेळी तेवढाच वेळ द्या.

जागा कशी असावी: चट्टा निदान ३ सेंमीचा, हाडावर नसलेला, उन्हात न उघडा पडणारा. उन्हाचा मुद्दा द्राक्षबागेत, शेतात काम करणाऱ्यांत मोठा आहे. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या हाताच्या बाहेरच्या बाजूला, मानेवर उन्हाने झालेल्या झिजेमुळेही तसाच काळा पट्टा दिसतो. सोरायसिस पूर्ण गेला तरी तो पट्टा राहणारच, आणि अहवालात "दाह शिल्लक" असं येईल. कंबर, मांडीची बाहेरची बाजू, पोट या जागा चांगल्या. कोपर-गुडघ्यावर हाड लगेच खाली असतं, सांधा किती वाकलाय त्यावर कातडी ताणते आणि जाडी बदलते. शिवाय ते चट्टे सगळ्यांत शेवटी बसतात, म्हणजे अंगावरचं चित्र त्यांच्यावरून कळत नाही. एक मांडीचा आणि एक कंबरेचा, असे दोन घ्या.

तीच जागा पुन्हा सापडणं ही खरी कसरत. "डावी मांडी" एवढं पुरत नाही. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चट्ट्यावर ठेवा, चट्ट्याची कड, जवळचा तीळ किंवा व्रण, आणि प्रोबची आडवी रेघ मार्करने आखा. एका कोपऱ्यात बाण, डोक्याच्या दिशेने. तुकडा रुग्णाच्या फाइलीत. चट्टा दोन महिन्यांनी नाहीसा झाला तरी तिळावरून जागा मिळते. तीळ नसेल तर हाडाच्या खुणेपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये.

डॉप्लरची सेटिंग: पॉवर डॉप्लर, पीआरएफ (सेकंदाला किती ध्वनिस्पंदनं सोडायची) ०.५ ते १ किलोहर्ट्झ, वॉल फिल्टर (मंद हालचाल गाळणारी सेटिंग) सगळ्यांत खाली. कलर गेन आधी वाढवा, सगळीकडे रंगीत कचरा दिसू लागला की तो जेमतेम नाहीसा होईपर्यंत खाली आणा. चौकट लहान, फक्त चट्ट्यापुरती. या वाहिन्या इतक्या बारीक आणि मंद असतात की प्रोबचं नुसतं वजन पडलं तरी रिकाम्या होतात. शंका आली तर रंग दिसत असताना मुद्दाम हलकंसं दाबून पाहा. रंग गेला आणि सोडल्यावर परत आला तर तो खरा प्रवाह. दाबूनही तसाच राहिला तर बहुधा यंत्राचाच रंगीत कचरा, नाही तर खालची मोठी वाहिनी.

स्थिर चित्र एक न घेता ३ सेकंदांची क्लिप घ्या. रुग्णाने बोलायचं नाही. कंबरेचा चट्टा असेल तर श्वास क्षणभर रोखून.

संधिवात_ओपीडी

रुग्ण टेबलावर आहेच, प्रोब हातात आहे, तर आणखी दहा मिनिटं टाचेला द्या, अशी विनंती.

सोरायसिसच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सोरायटिक संधिवात होतो, आणि बहुतेकांत कातडी आधी, सांधे मागून. सुरुवात पुष्कळदा सांध्यात होत नाही. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जिथे हाडाला चिकटतो तिथे होते. सगळ्यांना हा स्कॅन नको. सोरायटिक संधिवात हुडकायच्या पेस्ट प्रश्नावलीत पाचच प्रश्न आहेत, ३ किंवा जास्त "हो" आले तर पुढे पाठवा. त्याशिवाय ज्यांच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त अंग आखडतं, किंवा एखादं बोट संपूर्णच सुजून लांबट-फुगीर झालंय, अशांचाही स्कॅन करा.

पाहायचं ते: अकिलीस टेंडन टाचेला चिकटतो ती जागा, तळव्याचा प्लांटर फॅसिया (टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पट्टा), गुडघ्याच्या वाटीच्या वरचा आणि खालचा जोड. टेंडन काळसर आणि जाड झालाय का, हाडाची कड खडबडीत किंवा कुरतडलेली आहे का, आणि हाडाच्या पृष्ठभागापासून २ मिमीच्या आत डॉप्लर आहे का. या २ मिमीला फार महत्त्व आहे. त्याच्या बाहेरचा रंग टेंडनच्या साध्या दुखण्यातही दिसतो. जाडीसाठी ग्लासगो पद्धतीतले आकडे हाताशी असू द्या: अकिलीस ५.२९ मिमी, प्लांटर फॅसिया ४.४ मिमी, वाटीखालचा लिगामेंट ४ मिमी, वाटीवरचा क्वाड्रिसेप्स ६.१ मिमी. त्याच्या पुढे गेलं तर जाड.

दोन चुका नेहमी होतात. प्रोब थोडा तिरपा झाला की टेंडनचे धागे ध्वनी दुसरीकडे फेकतात आणि निरोगी टेंडनही काळा दिसतो. प्रोब टाच-बोट असा झुलवा, काळेपणा गेला तर तो आजार नव्हता. दुसरी चूक, डॉप्लर पाहताना पाऊल वर ताणून धरणं. ताणलेल्या टेंडनमधलं रक्त पिळून निघतं. डॉप्लरला पाऊल सैल सोडलेलं, राखाडी चित्राला हलकंसं ताणलेलं.

आणि आपल्या भागाची एक गोष्ट. द्राक्षाच्या हंगामात दिवसभर उभं राहून काम, ओझं उचलणं, वरून वजन जास्त. यांच्या टाचा यांत्रिक कारणानेही जाड होतात, हाडाला काटाही येतो. जाडी आणि काटा आहे पण डॉप्लर नाही, सकाळचं आखडणं नाही, तर त्यावर सोरायटिक संधिवाताचा शिक्का मारू नका. तो शिक्का माणसाला वर्षानुवर्षं औषधं खायला लावतो.

नखांचं थोडक्यात: नखाची खालची पांढरी रेषा तुटक किंवा धूसर होणं, दोन्ही रेषा लहरी होणं, नखाखालची गादी जाड होणं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने. त्यामुळे तीन महिन्यांच्या आत नखाचा दुसरा स्कॅन करून काही हाती लागत नाही.

क्लिनिक_सातपूर

एक विचारायचं होतं. छोटं पोर्टेबल यंत्र क्लिनिकलाच घेतलं आणि आठवड्यातून एकदा ओझरच्या क्लिनिकला नेलं तर चालेल ना? वापर फक्त कातडीसाठी.

रेडिओ_गंगापूररोड

नाही सर, हे कृपया करू नका. पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान रोखणारा) कायदा १९९४ चा आहे, पण तो तुम्ही यंत्र कशासाठी वापरता हे न पाहता यंत्रालाच लागू होतो. नोंदणी नसलेल्या ठिकाणी विक्रेत्याने यंत्र विकणंही गुन्हा आहे. महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आधी नोंदणी, मग खरेदी. नोंदणी त्या पत्त्याची आणि त्या यंत्राची असते. एका क्लिनिकमधून दुसऱ्यात पिशवीतून नेणं नियमात बसत नाही. मॅडमनी ठरवलंय तसं, नोंदणी असलेल्या सेंटरमध्ये रुग्ण पाठवणं हाच सरळ मार्ग.

त्वचा_कॉलेजरोड

सेंटरला द्यायला अहवालाचा नमुना केलाय. आकडे नमुन्यापुरते आहेत. काही राहिलं असेल तर सांगा.

*जागा: डावी मांडी, बाहेरची बाजू, वाटीच्या वरच्या काठापासून १२ सेंमी वर, प्रोब आडवा, प्लास्टिक नकाशा फाइलीत.*
*स्थिती: उताणे, गुडघा सरळ. खोली २३ अंश, विश्रांती १५ मिनिटं. वेळ सकाळी १०.१५.*
*प्रोब: हॉकी स्टिक १८, प्रीसेट "त्वचा".*
*चट्टा: २.५८, २.६३, २.५५; सरासरी २.५९ मिमी. काळा पट्टा ०.४१ मिमी. डॉप्लर ३.*
*शेजारची कातडी: १.७२ मिमी, पट्टा नाही, डॉप्लर ०.*
*खवल्यांची सावली: नाही.*
*शेवटचं मलम: ३ दिवसांपूर्वी. शेवटचा यूव्हीबी: लागू नाही.*

रेडिओ_गंगापूररोड

चांगला आहे. दोन भर घाला. एक, "आजचा फरक हाताच्या चुकीपेक्षा जास्त आहे का: हो/नाही" अशी ओळ, तो ०.१७ सारखा आकडा शेजारी छापून. दोन, पीआरएफ आणि कलर गेनचे आकडे लिहा. प्रीसेटचं नाव पुरत नाही, सर्व्हिसिंगला आलेला माणूस यंत्र मूळ सेटिंगवर नेऊन ठेवतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

चित्रं छापील कागदावर ठेवू नका. डायकॉम फाइल (यंत्राची मूळ डिजिटल फाइल) पेनड्राइव्हवर घ्या, म्हणजे चार महिन्यांनी जुन्या चित्रावर त्याच पद्धतीने कर्सर ठेवून पुन्हा मोजता येतं. आणि मोजणाऱ्याला रुग्ण कुठल्या औषधावर आहे ते सांगू नका. त्याला फक्त जागा सांगा.

चर्मरोग_इंदिरानगर

माझ्याकडून एकच: अहवालाची एक प्रत रुग्णाला दाखवा. पहिल्या आणि तिसऱ्या भेटीची चित्रं शेजारी ठेवून, "हा काळा पट्टा बघा, आता नाही," एवढं बोट ठेवून सांगा. वर डाग असला तरी आत फरक पडलाय हे त्याला तिथेच दिसतं. आणि जानेवारी ते एप्रिल बागायतदार आणि मजूर येत नाहीत हे धरून तारखा द्या. नोव्हेंबरात मेथोट्रेक्सेट सुरू केलं तर सोळावा आठवडा ऐन खुड्यात येतो. तेव्हा आठव्या आठवड्याचा स्कॅन चुकवू नका आणि पुढचा सरळ मेमध्ये ठेवा. रक्ताच्या तपासण्या मात्र मेपर्यंत थांबत नाहीत, त्या गावाजवळच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवा.

त्वचा_कॉलेजरोड

तारखा तशाच बदलून घेते. सोमवारपासून सेंटरमधल्या सरांबरोबर दहा जणांची तीन-तीन मोजमापं सुरू करतोय. आमचा आकडा निघाला की इथे टाकते.